टेस्ट फ्रेम

काटोल रोडला, नाका सोडल्यावर, डावीकडे
संत्र्यांच्या दोन ओळी अजून राखल्यात, फोटोपुरत्या.
बाकी बाग आता पार्किंग.
पाटीवर ‘द ऑरेंज मॅनर’. ऑटोवाल्याला मात्र
बख्शींची कोठी म्हटलं तरच कळतं.

दरपत्रक ऑफिसच्या दारावर:
व्हरांडा अर्धा दिवस साडेचार हजार,
सागवानी जिना वेगळा,
पियानो वेगळा (वाजत नाही, वाजवायचाही नाही),
ड्रोनने पोपट बिथरले तर जबाबदारी तुमची.

मी रिफ्लेक्टर धरते.
पाच वर्षं झाली. ऊन कुठल्या खिडकीतून
किती वाजता आत येतं
हे मला माझ्या घरापेक्षा इथलं जास्त ठाऊक.
नऊला ते जिन्याच्या चौथ्या पायरीवर,
सव्वापाचला मागच्या ओसरीत,
तेव्हा नवरी कुठलीही असो, सोन्याची दिसते.

पण नवरी तयार व्हायला वेळ लागतो.
पदर, पिना, घामाने फुटलेला मेकअप.
वाळ्याचा कूलर फक्त त्यांच्या खोलीत.
तोवर बोंद्रेसरांना उजेड मोजायचा असतो
आणि मोजायला कोणीतरी उभं लागतं.

“लटारीभाऊ, या बरं जरा.”

लटारी मडावी हातातला पाइप खाली ठेवतात,
चप्पल काढतात, दर वेळी, नको म्हटलं तरी,
आणि नवरदेवाच्या जागेवर उभे राहतात.

त्यांचा आजा इथे पंखा ओढायचा,
भिंतीबाहेर बसून, दोरी पायाच्या अंगठ्याला,
भोकातून आत गेलेली.
ते भोक अजून आहे.
आम्ही त्यातून झुरमुर लायटिंगची वायर नेतो.
जिना त्याने कधी पाहिला नाही, असं लटारीभाऊ सांगतात,
तक्रार म्हणून नाही,
मोटारचं बटन कुठे आहे ते सांगावं तसं.

“थोडं डावीकडे. मान वर. हसा.”
“हासनं नवरदेवाचं काम हाये, सर.”
क्लिक.
क्लिक.
“झालं. जा.”

रात्री कार्ड रिकामं करताना
टेस्ट फ्रेम मी पुसायच्या असतात.
पुसत नाही.
दोनशे एकोणीस झाल्यात.
जिन्यावर लटारीभाऊ, पियानोला टेकून लटारीभाऊ,
रायबहादुरांच्या तसबिरीखाली,
हातात कुणाचातरी गुच्छ,
शेजारी रिकामी जागा, नवरीएवढी.
त्यांच्यानंतर तिथे उभी राहिलेली जोडपी
अमेरिकेत आहेत, मनीषनगरात आहेत,
तिघं, ऐकते, वेगळी झाली.

मागच्या मंगळवारी त्यांनी स्वतःहून विचारलं,
“म्याडम, माह्या एक फोटो निघन का?”
मला वाटलं, आलाच तो दिवस.
लॅपटॉप उघडून दिला. म्हटलं, निवडा.
त्यांनी चष्मा धोतराला पुसला.
सगळे पाहिले, घाई न करता, दुसऱ्याचे पाहावेत तसे.
मग बोट ठेवलं: सकाळचे नऊ, चौथी पायरी,
खिडकीची जाळी खांद्यावर उतरलेली.
माझ्या हातून उजेड इतका नीट
कधीच पडला नव्हता.

“हाच. खांद्यापासून वर.
अन् मागचं सारं काढून टाका.
पांढरं पाह्यजे. ब्यांकेत लागते, पेन्शनले.”

काढलं.
आधी तसबीर. मग कठडा, पायऱ्या,
ती रंगीत काच, जिच्यापायी लोक पुण्याहून येतात.
कानामागे सागवानाचा एक तुकडा
निघता निघेना, नखाने खरवडावा तसा काढला.
आठ प्रती.
पैसे नको म्हटलं, तर वीसची नोट
रिफ्लेक्टरच्या पिशवीत घालून गेले.

आज पुन्हा चौथी पायरी, पुन्हा उजेड बरोबर,
वरून निरोप: नवरी तयार आहे.
लटारीभाऊ बाजूला झाले.
झाडांना पाणी घालता घालता आलेले,
पायरीवर दोन ओले ठसे राहिले.
“पुसून घे गं,” सर म्हणाले, “फ्रेममध्ये येतात.”
मी रिफ्लेक्टर त्यांच्याकडे वळवला
आणि थांबले.
वाळायला असा किती वेळ लागणार.
एप्रिल आहे.