रकाना सतरा

क्रिंगिलाच्या चढावर
पोलादाच्या कारखान्याची काजळी अजून खिडक्यांवर बसते.
आता कमी, असं लोक म्हणतात.
काजळी कमी झाली तशा नोकऱ्याही.

माझ्या हातात टॅब्लेट, त्यात प्रश्नावली :
मॅसेडोनियन घरं चाळीस, फिलिपिनो चाळीस.
कोण जास्त सुखात आहे ते सांगायचंय,
आर्थिकदृष्ट्या.
नुसतं सुख मोजायला अनुदान मिळत नाही.

त्रायांकाबाईंचं घर विटांचं, दुमजली,
फाटकावर सिमेंटचे दोन सिंह,
एकाचं नाक फुटलेलं.
कर्ज?
फिटलं, अठ्ठ्याऐंशी साली. बँकेचा कागद
संत निकोलाच्या तसबिरीमागे खोचलेला.
वरचं स्वयंपाकघर लखलखीत,
कारण तिथे कुणी कधी रांधलंच नाही.
खरी चूल गॅरेजात.
मार्च सरत आलेला, पत्र्यावर लांबट लाल ढोबळ्या भाजतायत,
सालं सोलून सोलून बाईंची बोटं काळी.
"घर आहे म्हणून लिही," त्या म्हणाल्या,
"पण त्यात इल्चोची दोन्ही फुप्फुसं लागली,
तेही लिही."
त्याला रकाना नव्हता.

उत्पन्न : सरकारी पेन्शन, बस्स.
मालमत्ता : आकडा लिहिताना शून्यं पुन्हा मोजली.
मुलगा सिडनीत दातांचा डॉक्टर.
महिन्यातून एका रविवारी येतो, भरल्या बरण्या नेतो,
रिकाम्या परत आणत नाही.

तेवढ्यात लुझविमिंडा आली,
निळा गणवेश, डोळ्यांत रात्रपाळी.
मंगळवारी आणि शुक्रवारी ती बाईंना अंघोळ घालते,
पंचेचाळीस मिनिटं, एजन्सीच्या घड्याळाने.
माझ्या यादीत ती छत्तिसावी.
म्हटलं, दोघींचं एकदमच उरकू.

उत्पन्न : बाईंच्या अडीचपट.
नोकऱ्या : दोन.
शिक्षण : नर्सिंगची पदवी, इलोइलोची,
इथे पाण्यात विरघळलेली.
घर : भाड्याचं, पाच जणींत एक न्हाणी.
बचत?
ती हसली.
पगार गुरुवारी येतो, शुक्रवारी समुद्र ओलांडतो.
भावाची तीनचाकी, भाचीची फी, आईचं डायलिसिस.
आणि पलंगाच्या पायथ्याशी कमरेएवढा पुठ्ठ्याचा खोका,
साबण, कॉफी, बुटांचे जोड,
सवलतीत मिळेल तसं आत पडत जातं,
नाताळच्या आत पोचायला हवं.

मग रकाना सतरा :
मायदेशी घर आहे का? असल्यास, तिथे कोण राहतं?

बाईंनी मानेनेच खिळ्याकडे दाखवलं.
खिळ्यावर किल्ली.
बितोलाजवळच्या गावात तीन मजले,
इथलं कर्ज डोक्यावर असतानाच
ओव्हरटाइमच्या पैशांतून उठवलेले.
"पारवे राहतात."

लुझविमिंडाचं अजून वर चढतंय.
खाली आई, वरचा मजला बिनछपराचा,
लोखंडी सळया आभाळात तशाच.
"पाच वर्षांनी जाईन ना कायमची."

"आम्हीही पाचच म्हणायचो," बाई म्हणाल्या.
टोमणा नव्हता त्यात.
पण कुणीच काही बोललं नाही आणि पत्र्यावर एक मिरची करपली.

मी टॅब्लेटकडे पाहत राहिले.
पडदा विझला, पुन्हा लावला.
पैशांत ही वर, विटांत त्या.
झोपेत दोघीही खाली, असा माझा अंदाज,
पण अंदाज भरायला जागा कुठे होती.

लुझविमिंडाने बाह्या वर केल्या,
स्टूल ओढलं आणि सोलायला बसली.
अंघोळीची पंचेचाळीस मिनिटं
मिरच्यांच्या सालांत गेली.
याला मजुरी म्हणावं, की मदत, की चोरी?
एजन्सीला विचारलं तर चोरीच.

निघताना बाईंनी तिच्या हातात दोन बरण्या दिल्या,
अजून कोमट, झाकणांना फडकी बांधलेली.
ती म्हणाली, एक खोक्यात घालते,
मोज्यात गुंडाळून, आईसाठी.

बाईंनी माझ्यासमोर काळ्या बोटाने सही केली,
पडद्यावर डाग उमटला, सही उमटलीच नाही.
मग फाटकापर्यंत आल्या,
फुटक्या नाकाच्या सिंहाला टेकून उभ्या राहिल्या
आणि उतारावरून जाणाऱ्या निळ्या पाठीला ओरडून म्हणाल्या,
"बरणी परत पाहिजे हं!"