नाव लिहू नये

नाव लिहू नये, असं वरच ठळक छापलं होतं.
तरी मला अक्षरं ओळखू येतात.
बारा वर्षं झाली, झोम्बाच्या या विभागात
याच पोरांच्या वह्या मी मोजून घेते,
मोजून परत देते.

*अंतर्गत मूल्यमापनाबद्दल आपले मत.
पाचांपैकी एका चौकटीत खूण करा.*

खुणा बहुतेक मधल्या चौकटीत.
मधली चौकट बरी, कुणाच्या डोळ्यावर येत नाही.
खरं काय ते समासात.

टीची आडवी रेघ विसरणारा, म्हणजे पेम्फोच हा :
"चाळीस गुण सरांच्या हातात,
म्हणून वर्गात माझा हात खाली."

कुणी हिरव्या शाईनं :
"परीक्षेच्या दिवशी मला हिवताप होता.
वर्षभराच्या वहीनं तारलं."
दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच त्याचं म्हणणं.

"चिल्वा तळ्यावर मासे मोजायला गेलो दोघी,
अहवालावर नावं चार, गुण चौघांना सारखे.
हेही शिकवायचंच असेल तुम्हाला."

"वीसपैकी अकरा. का?
हवे तर नऊ द्या,
पण सांगा."
हा कागद इतका दाबून लिहिलेला
की मागच्या बाजूनं बोटाला वाचता येतो.

मग लुसुंगूचा.
चौकटी सगळ्या कोऱ्या. खाली बारीक अक्षरात :
"डोमासीत वीज नव्हती. छपाईचं दुकान बंद.
मिनीबस भरेपर्यंत हलली नाही.
मी पोचले चार वाजून सहा मिनिटांनी.
'उशिरा' असा शिक्का बसला, पाच गुण गेले.
मी नापास झाले ती तीन गुणांनी."

शिक्का कुणी मारला, ते तिनं लिहिलेलं नाही.
अर्ज निनावी ना.

तो शिक्का माझ्याच खणात असतो,
जांभळ्या शाईच्या डबीशेजारी.
त्या दिवशी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं,
तिच्या बुटांवरच्या लाल धुळीकडे नाही.
घड्याळ पुढं आहे, हे विभागात सगळ्यांना ठाऊक आहे.
किती पुढं, ते कुणी मोजलेलं नाही.

संध्याकाळी तक्ता टंकला.
समाधानी : एकसष्ट टक्के.
डॉक्टर म्सिस्का म्हणाले, छान,
कुलसचिवांकडे पाठवा.

पाठवला.
अर्ज वाटले होते एकशे बारा.
बेरीज येते एकशे तेरा.
अजून कुणी विचारलेलं नाही.