मंगळवारी, हिलटाउनच्या चढावर

इंग्रजीत माझं नाव डीपासून सुरू होतं,
ज्ञला तिथे दुसरी जागा मिळाली नाही.
म्हणून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी डायना.
डायना वेळेवर येते, नळ्या मोजते,
लोकांच्या यकृतांचे आकडे न चुकता भरते.

पिणारी होती ती ज्ञानदा.
पुरणयंत्राच्या खोक्यात अर्धी बाटली
(ते खोकं वर्षातून एकदाच उघडतं, होळीला,
याची श्रीरंगला खात्री होती आणि मलाही),
उरलेली, इस्त्रीच्या पाण्याच्या बाटलीत.
एका रात्रपाळीत स्वतःचंच रक्त
खोट्या नावाने मशीनला लावलं.
आकडा आला. पुसला.
घरी जाताना दुकानाशी थांबले.

श्रीरंग ओरडला नाही. ओरडला असता तर बरं होतं.
म्हणाला, आपल्यात बायका...
आणि वाक्य तसंच टेबलावर ठेवून झोपायला गेला.
सकाळी ते तिथेच होतं, कपाशेजारी.

डंडीत जानेवारीत चारलाच दिवे लागतात.
हिलटाउनचा चढ, चर्चमागचा हॉल,
ओल धरलेल्या भिंती.
जिन्यात कुणी भेटलं तर
लायब्ररीचा पत्ता विचारायचा, ठरवून गेले होते.
भेटलं. विचारला.
कॅलम म्हणाला, लायब्ररी खालीच राहिली.
चहा मात्र इथे आहे.

कुणी उपदेश केला नाही.
कॅलमने मुलीच्या लग्नातली गोष्ट सांगितली,
केक कापताना तो कुठल्या टेबलाखाली झोपला होता ती.
सगळे हसले. तोही.
मला आधी त्या हसण्याची भीती वाटली,
मग हेवा.

इंग्रजीत ते वाक्य तयारच मिळतं:
नाव, आणि पुढे अल्कोहोलिक.
भाड्याच्या कोटासारखं,
कुणाच्याही मापाचं, परत करता येणारं.
एक्केचाळीस दिवस घातला तो कोट.
बेचाळिसाव्या दिवशी स्टुलावर चढले
आणि पुरणयंत्राचं खोकं उघडलं.

परत गेले तेव्हा ॲग्नेस म्हणाली,
तुझ्या भाषेत सांग.
म्हटलं, कुणाला कळणार?
म्हणाली, कळायला बसलंय कोण!

ॲग्नेस ऐंशीची. तागाच्या गिरणीत
मागांच्या खडखडाटाने कान तरुणपणीच गेले;
तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या.
एकतीस वर्षं ती प्यायलेली नाही.
विचारलं तर म्हणते, आज नाही.

मी शब्द शोधायला लागले.
दारुडा होता. बेवडा होता.
गटाराकडेला एक चप्पल हरवून पडलेला,
लहानपणी ज्याला आम्ही वळसा घालून जायचो, तो होता.
सगळे पुल्लिंगी.
दारुडी म्हणून पाहिलं मनात,
तर ती शिवी निघाली,
कुणीतरी कुणाच्या तरी आईला दिलेली.
शेवटी नाम सोडलं, विशेषण सोडलं.
क्रियापद तेवढं उरलं.

मी पिते.

कोपऱ्यात चहाचं पाणी खळखळत होतं.
रविवारच्या फोनवर आईला कधी न सांगितलेलं
आईच्याच भाषेत, अकरा परक्यांसमोर.

ॲग्नेस माझ्या तोंडाकडे बघत होती.
म्हणाली, दोनदा मिटले तुझे ओठ.
पुन्हा सांग.

मी पिते.

हो, दोनदा, ती म्हणाली,
जणू हिशेब जुळला.
मग नाव विचारलं. डायना नको, खरं.
सांगितलं. तिने ते स्वतःच्या ओठांवर धरून पाहिलं,
अडली, हसली, पुन्हा अडली.
हे अवघड आहे गं, यात ओठ मिटतच नाहीत.

त्या रात्री कप धुवायची पाळी माझी होती.
होळी आठ दिवसांवर आली आहे.
यंत्र काढायला स्टूल धरशील का,
एवढंच विचारायचंय श्रीरंगला,
आणि खोक्यात काय आहे ते.
विचारेन.
आज कप. बारा आहेत,
एकाचा कान तुटलेला.