कठड्याच्या वर

पोतीच्या बंदरापासून चालत अर्ध्या तासावर
आमचं कॉलेज. वर्ग दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीला तडा, तड्यावर चिकटपट्टी.
समुद्राकडून वारा सुटला की ती फडफडते
आणि बातोनो नोदारी आवाज चढवतात:
"लिहून घ्या. एफ.ओ.बी."

माल विकणाऱ्याचा,
जहाजाचा कठडा ओलांडेपर्यंत.
एकदा पलीकडे गेला
की बुडो, भिजो, कुजो,
विकणाऱ्याला सोयर ना सुतक.

जेमालने मागच्या बाकावरून मोबाईल दाखवला:
सर, नव्या नियमांत कठडा नाहीच,
आता माल जहाजावर ठेवला गेला पाहिजे.
सरांनी चष्मा काढून पुसला.
कस्टम्समध्ये एकवीस वर्षं
त्यांनी याच कठड्यावर काढली होती.
"परीक्षेत नवं लिहा," म्हणाले,
"समजून घ्यायला मात्र कठडाच बरा."

मी विचारलं,
आणि बरोबर कठड्याच्या वर असताना?
इकडे नाही, तिकडे नाही,
नुसता लटकत असताना?
वर्ग हसला.
एतेरी, सर म्हणाले,
या प्रश्नावर इंग्रज न्यायाधीशांचे केस पिकलेत,
तू तास संपव.

घरी बाबा मोरीत कान धूत होते.
मँगनीजची काळी पूड कानात जाते,
तीन पाण्यांनीही निघत नाही.
त्यांना तोच प्रश्न विचारला.
त्यांनी उजवं मनगट पुढे केलं.
"तेवढा वेळ माल इथे असतो."

त्याचे वेगळे पैसे मिळतात?

"कापले जातात."

मी सातवीत होते तेव्हा
पट्टा तुटला होता.
हेझलनटची चाळीस पोती
जर्मनीला जायची ती पाण्यात गेली,
काही फुटली, आणि दाणे तरंगत
रिओनीच्या मुखापर्यंत पोचले.
लोक जाळी घेऊन आले, बादल्या घेऊन आले,
एक बाई तर मुलाचं टोपडं घेऊन आली होती.
पट्टा जुना होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.
कागदावर तो नवा होता.
चौदा महिने बाबांचा पगार अर्धा आला.

त्या हिवाळ्यात लामझिरा मावशीने
शेगडीवर परात ठेवून
ओले दाणे वाळवले.
आम्ही खारट हेझलनट खाल्ले
सकाळी, दुपारी, आणि शाळेच्या डब्यात.
ओल सहा टक्क्यांच्या वर गेली तर माल परत,
हे मी आत्ता शिकले.
तेव्हा परत पाठवायला
आमच्याकडे पत्ता नव्हता.

प्रात्यक्षिकाला आम्ही भरताच्या पावत्या भरतो.
खोटी जहाजं, खोटे खरेदीदार.
माझ्या जहाजाचं नाव मी 'टोपडं' ठेवलं,
सरांनी काही विचारलं नाही.
सगळ्यात खाली एक ओळ छापलेली असते:
माल वरवर पाहता सुस्थितीत.
याच्यापुढे शेरा मारायचा नाही,
शेरा मारला की पावती डागाळते
आणि बँक पैसे अडवते.

मावशी झुगदीदीहून फोन करते.
तिच्या बागेत पुन्हा तो घाण वासाचा किडा पडलाय,
दाणे आतून काळे.
बाहेरून? मी विचारते.
बाहेरून फर्स्ट क्लास, ती म्हणते,
आणि विचारते, बाबा कसा आहे?
वरवर पाहता सुस्थितीत,
माझ्या तोंडून निघून जातं.
ती बराच वेळ हसते. मग हसत नाही.

परीक्षेत प्रश्न आला.
जोखीम नेमकी कुठे हस्तांतरित होते, सोदाहरण.
मी नवं उत्तर लिहिलं, पूर्ण गुणांचं,
उदाहरणात जपानी मोटारी घातल्या.

रात्री परतले तर
बाबा खुर्चीतच झोपलेले,
टीव्हीचा आवाज बंद.
उजवं मनगट हलत होतं,
अगदी थोडंसं, डावीकडे, पुन्हा सरळ,
पुन्हा थोडं खाली.
आई त्यांना वळसा घालून गेली,
दिवासुद्धा तिने विझवला नाही.
मी दारातच उभी राहिले, हातात चपला.
काहीतरी अजून टेकायचं होतं.