दर हजारी

पिएद्रा बाया, पाटागोनियातलं मेंढ्यांचं गाव.
इथं माझं हार्डवेअरचं दुकान.
पहिल्या अठरा वर्षांत कुलपं विकली सात,
त्यातलं एक चर्चच्या दानपेटीला
आणि एक एवारिस्तोच्या बायकोनं नेलं
नवऱ्याची दारू कोंडायला.

मग पठारावर गॅस लागला.
चारशेचे दोन हजार झालो आम्ही,
पत्र्याच्या खोल्या, ट्रक, उत्तरेकडच्या शिव्या.
आता कुलपं खोक्यानं येतात, शनिवारपर्यंत संपतात.

चौकीतली सुलेमा फळ्यावर खडूनं लिहिते:
गेल्या साली चोऱ्या तीन, यंदा अकरा.
"पण दर हजारी बघाल तर कमीच झाल्यात."
बरोबर आहे तिचं,
मी बिलाच्या पाठीवर हिशोब करून पाहिला.
तरी दर हजारी कोण झोपतं?
ज्याचा जनरेटर गेला त्याचा अख्खाच गेला.

ओफेलियाबाई अजून दार नुसतं ओढून घेतात.
कडी मीच फुकट बसवून दिली,
त्यांनी तिला लसणाची माळ अडकवली.

काल रात्री दोनला दार वाजलं.
पलंगाखालची पहार हातात,
अंधारातूनच विचारलं, "कोण?"
नव्या वस्तीतली बाई, कडेवर पोर, तापानं फणफणलेलं.
गाडी काढली, दवाखान्यात पोचवलं. पोर बरं आहे.

परतताना वाऱ्यात गाडी हलत होती.
माझा बाप थाप पडली की आधी "या" म्हणायचा,
कोण ते मागाहून बघायचा.

सकाळी पहार दुकानात नेऊन ठेवली.
संध्याकाळी परत आणली.