एक मोठा का

खिडकीतला कारकून म्हणाला, गणित?
केमिस्ट्रीला दोन जागा आहेत अजून, विचार कर.
मी म्हटलं, केला.
त्याने शिक्का मारला
पत्ता न सापडलेल्या पाकिटावर मारतात तसा.

वर्गात बाकं साठ, आम्ही नऊ.
पंखा फिरायचा तो आवाजापुरताच.
भदाणे मॅडमनी हजेरीही घेतली नाही,
फळ्याच्या डाव्या अंगाला बारीक अक्षरात
नियम लिहिले, आणि म्हणाल्या,
एवढंच आहे तुमच्या हातात.
बाकी जे काही येतं तुम्हाला
ते दाराबाहेर, चपलांजवळ.
मग उजवीकडे, मोठ्या अक्षरात:
१ > ०.
सिद्ध करा.

कापडण्याचा हिंमत हसला. मग मीही.
मग कोणीच नाही.

मी सोनगीरची. तांबटाच्या घरातली.
मला शून्य माहीत आहे: रिकामं पारडं.
त्यात एक किलो मोड टाकली
की पारडं खाली जातं.
पण खाली जाणं म्हणजे मोठं होणं,
असं डावीकडे कुठे लिहिलं होतं?
पारडं चपलांजवळ राहिलं.
बोटं चपलांजवळ राहिली.
बारावीचे शंभरपैकी सत्त्याण्णव
तेही तिथेच, उन्हात.

तास संपताना बोराडीची जमना पावरा
माझ्या वहीकडे न बघता म्हणाली,
सरळ जमत नाही तर उलटं धरून बघू.
समजा, एक शून्याहून लहान आहे.
तिच्या डब्यात कांदा होता, माझ्यात कळण्याची भाकरी.
आम्ही समजत समजत जेवलो.

संध्याकाळच्या गाडीत मी ते समजणं सोबत आणलं.
एक लहान, तर दोन त्याहून लहान,
शंभर तर पार विहिरीच्या तळाला.
नगावबारीनंतर किलोमीटरचे दगड
जमिनीत उलटे वाढत गेले,
कंडक्टरने पास बघितला,
एकोणीस वर्षांची मी
जन्माच्या अलीकडे कुठेतरी उभी होते
दांडीला धरून.

घरी वडील हंडा मठारत होते.
ठोक्याला ठोका लागून पडतो त्यांचा,
मध्ये गव्हाएवढी फट नाही.
कंपास नाही, माप नाही.
कान लावतात, टिचकी मारतात,
भांडं कुठे चुकलंय ते भांडंच सांगतं.
मी सांगितलं दिवसभराचं.
हातोडा थांबला नाही, फक्त हळू झाला.
"एक मोठा का शून्य मोठं,
हाई शिकाले धुयाले जास का तू?"
चेष्टा नव्हती त्यात.
धातू नवा असला की ते असंच विचारतात,
हाई कितलं तापाडानं?

रात्री मोडीच्या हिशेबाच्या वहीत, मागून,
सहा ओळी लिहिल्या.
एक ऋण, तर उणे एक धन.
धनाला धनाने गुणलं, धनच आलं.
पण उणे एक गुणिले उणे एक म्हणजे एक.
म्हणजे एक धन. म्हणजे खोटं पडलं समजणं.
मला वाटलं, वाजलं.
झोपताना हंड्यासारखी वाजत होते मी सगळी.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पाचव्या ओळीखाली
पेन्सिलीची रेघ ओढली.
उणे गुणिले उणे अधिक. हे कुठून आणलंस?
सातवीतून, मी म्हणाले.
देवरे गुरुजींनी छडीच्या तालावर
पाठ करून घेतलं होतं आमच्याकडून.
त्या हसल्या नाहीत.
गुरुजींना पण चपलांजवळ ठेव, म्हणाल्या,
आणि परत ये.

जमनाने वही ओढून घेतली.
तिचीही तिथेच अडली होती,
फक्त तिने ती ओळ लिहिलीच नव्हती,
जागा सोडली होती, चार बोटं.
मला तिचा हेवा वाटला त्या रिकाम्या जागेचा.

आता आठवडा झालाय.
त्या एका ओळीखाली आणखी ओळी निघाल्यात,
शून्याने गुणलं तर शून्यच का,
आणि शून्य एकच कशावरून.
मी खाली खाली चाललेय.
पारडं जातं तशी, पण माझ्यात कोणी काही टाकलेलं नाही.

वडील रोज विचारतात, दिवा लावताना:
"व्हयना का एक मोठा?"
आजून नही, मी म्हणते.
ते मान हलवतात, जशी
गिऱ्हाईक घाई करत नसल्यावर हलवतात,
आणि हंड्याचा काठ पुढे करतात.
मंग धर हाई.
मी धरते. ते ठोकतात.
हात कोपरापर्यंत झिणझिणत राहतो.