स्फुरद: अत्यंत जास्त

शिवाजीनगरला, माती परीक्षणाच्या खिडकीत,
शीतल गव्हाणेनं कागद माझ्याकडे सरकवला
आणि विचारलं, "काकू, ड्रममध्ये काय काय घालता?"
चहात साखर किती, असं विचारावं
तितक्या साध्या आवाजात.

बोनमील, मी म्हटलं.
किती?
चिमूटभर. दर रविवारी.
किती वर्षं?
तिथं मी गप्प झाले.

तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली.
जादा अनुस्वार दिसला की लाल पेन आपोआप उठायचं.
आणि धनकवडीच्या गच्चीवर, निळ्या ड्रममधल्या जास्वंदीखाली
मीच, चिमटी-चिमटीनं,
तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत होते.

फुलं येईनात म्हणून घातलं.
फुलं आली म्हणून घातलं.
पुढं पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या,
उपाशी आहे बिचारी, म्हणून मूठभर घातलं.

"नत्र निघून जातं हो," शीतल सांगत होती,
"थोडं पाण्याबरोबर, थोडं हवेत.
पालाशही फार हटून बसत नाही कुंडीत.
स्फुरद मात्र जागचं हलत नाही.
लोह आहे तुमच्या मातीत, जस्तही आहे,
पण हे दारात मांडी घालून बसलंय."

स्फुरद.
कुणी ठेवलं असेल हे नाव,
कवितेच्या वहीतून उचलल्यासारखं?
आणि रकान्यात त्याच्यापुढे: अत्यंत जास्त.
सवयीनं मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं.
बरोबर होतं.

दुसरा कागद आक्काचा.
मांजरीला घरामागे तिचा पाऊण गुंठा,
काळी चिकणमाती. ओली असली की चपलेला सोडत नाही,
मे महिन्यात अशी भेगाळते
की एकदा कपाटाची किल्ली आत गेली, ती गेलीच.
सामू आठ पूर्णांक चार. चुनखडी भरपूर.
"स्फुरद यांच्याकडेही आहे," शीतलनं ओळीवर बोट ठेवलं,
"आजवर घातलेलं बरंचसं आतच असेल.
चुन्यानं धरून ठेवलंय. मुळांना मिळत नाही."

मला हसूच आलं.
आक्काच ही, शाई-सहीनिशी.
आईच्या पाटल्या कुठायत, नानानं शेवटच्या पत्रात काय लिहिलं,
सगळं तिच्यापाशी आहे.
विचारलं की म्हणते, बघू.

आणि मी कशी, ते मुलाला विचारा.
त्यानं फोनची वेळ ठरवून दिलीय:
रविवार, दहा मिनिटं.

घरी येऊन आक्काला फोन लावला.
म्हटलं, दुकानातली पोती आणू नकोस आता,
शेणखत घाल, पालापाचोळा घाल,
जिवाणूंची बाटली मिळते, ती दे, ते सोडवतात हळूहळू.
आणि कुणी सांगितलं तरी मूठ-मूठ वाळू मिसळू नकोस,
विटा होतील.
ती म्हणाली, बघू.
मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग,
"तुझ्या जास्वंदीला काय सांगितलं?"

काही नाही, म्हटलं.
म्हणजे, काही घालायचं नाही, हेच सांगितलंय.
पानांवर लोहाची हलकी फवारणी, थोडं नत्र,
अर्धी माती काढून कोकोपीट,
आणि वाट पाहायची. वर्षभर, दोन वर्षंसुद्धा.
"जमेल तुला?" आक्कानं विचारलं.
ती असं सरळ कधी विचारत नाही.

आज रविवार. हात डब्याकडे गेला.
झाकण उघडलं, वास घेतला, लावून टाकलं.
शेंड्याला एक पान आलंय,
हिरवं म्हणवत नाही, पिवळंही नाही.
नुसतं पाणी दिलं.
ड्रमच्या भोकातून ते ठिबकत राहिलं,
फरशीवर ओळीनं टिंबं उमटली,
खोडलेल्या शब्दाखाली आम्ही द्यायचो तशी:
आहे तसं राहू द्या.